गोळी चालू होती, तपासणी बंद होती

आमचं मेडिकल मंगळवार पेठेत, गल्लीच्या तोंडालाच, वडलांच्या काळापासनंचं. मार्च २०२० मध्ये सगळं कोल्हापूर बंद झालं तेव्हा पेठेत दूधवाला, किराणावाला आणि आम्ही एवढीच शटरं वर होती, त्यामुळं पुढची दोन वर्षं मी जे बघितलं ते काउंटरच्या आतनं बघितलं, पुढं दोरी बांधलेली, तोंडाला मास्क, गिऱ्हाईक दोरीच्या पलीकडनं ओरडून सांगणार आणि मी आतनं ओरडून विचारणार कितीची पॉवर. मी डॉक्टर नाही, फार्मसी केलेला माणूस आहे, हे आधीच सांगतो म्हणजे पुढं कुणी डोस विचारायला नको.

त्या काळात रोज संध्याकाळी आकडे यायचे, आज किती सापडले, किती गेले, किती बरे झाले. पण ज्यांना कोरोना झालाच नाही आणि तरी साथीनं ज्यांचं वाटोळं केलं अशी माणसं त्या आकड्यात कुठंच बसत नव्हती. शुगरवाले, बीपीवाले, दम्याचे, किडनीचे, फिटवाले, संधिवाताच्या बायका, हृदयाची झडप बदललेली तरणी पोरं. पेपरात ह्या सगळ्यांना मिळून एक शब्द आला, सहव्याधी. "६२ वर्षीय पुरुष, सहव्याधी" एवढं छापलं की वाचणाऱ्यालाही जरा बरं वाटायचं, चला, त्याला आधीपासनंच काहीतरी होतं म्हणजे आपण सुटलो. पण ती सहव्याधी मागच्या वर्षभरात कुणी तपासली होती का, हे कुणी विचारलं नाही. मी आज त्याच्यावरच लिहितोय.

जुनाट आजार म्हणजे काय ते आधी बघू. ताप येतो, गोळी घेतली, गेला, विषय संपला. शुगर-बीपीचं तसं नसतं, ते जात नाही, ते फक्त ताब्यात ठेवायचं असतं, आणि ताब्यात आहे का नाही हे माणसाला स्वतःला कळत नाही. आपल्या भागातल्या माणसाला उसावरनं लगेच कळेल. पाण्याची एक पाळी चुकली म्हणून ऊस दुसऱ्या दिवशी आडवा होत नाही, हिरवागार उभा असतो, बांधावरनं बघणाऱ्याला वाटतं झकास आहे. कळतं ते काट्यावर, गाडी कारखान्यात गेल्यावर. साखर २५० असलेला माणूस असाच हिंडत असतो, जेवतो, भांडतो, गाडी चालवतो, आणि आतनं डोळ्याच्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या, किडनीची चाळण, पायाच्या नसा हळूहळू खराब होत असतात. आणि अशी माणसं थोडीथोडकी नाहीत, आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, देशभर घरोघरी फिरून केलेला जो मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला त्यात देशात १० कोटी लोकांना शुगर आहे असा अंदाज निघाला, आणि बीपी तर मोठ्या माणसांत साधारण तिघांत एकाला.

आता आमचं एक गिऱ्हाईक सांगतो, नाव नको, सगळे आबा म्हणतात. राधानगरी रोडच्या बाजूचं गाव. महिन्यातनं एक सोमवार ठरलेला. पहाटे उपाशीपोटी एसटीनं निघणार, आठला लॅबमध्ये पहिलं रक्त, मग नाष्टा, मग दोन तासांनी दुसरं रक्त (त्या नाष्ट्यात मिसळ खाणार, वर दोन पाव जास्त, आणि मग रिपोर्ट जास्त आला म्हणून लॅबवाल्याला शिव्या घालणार), दुपारी डॉक्टर, डॉक्टर डोस थोडा इकडंतिकडं करणार, पाय बघणार, मग आमच्याकडं गोळ्या, पाचच्या गाडीनं परत. पैसे दुधाच्या दहा दिवसांच्या बिलातले. आता ह्यात मोजा किती गोष्टी आल्या. एसटी, लॅब, डॉक्टर, मेडिकल, आमचा होलसेलर, दुधाचं बिल, आणि आबांचं स्वतःचं धाडस. आपण "शुगरची ट्रीटमेंट चालू आहे" म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यापुढं गोळी येते, पण गोळी ही त्यातली एक कडी आहे, आणि माझं म्हणणं असं की साथीत सगळ्यात कमी तुटलेली कडी तीच होती.

म्हणजे पहिले पंधरा दिवस गोळीचीही बोंब होती, ते खोटं कशाला सांगू. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २४ च्या रात्री २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर, आणि ज्यांच्याकडं पैसे होते त्यांनी तीन-तीन महिन्यांचा माल उचलला. ज्यांचं हातावर पोट ते नेहमीसारखे आठवड्याची एक स्ट्रिप घ्यायला आले तर शेल्फ रिकामं. आपल्या देशातल्या ढीगभर गोळ्या हिमाचलमधल्या बद्दीला बनतात, तिथनं ट्रक हलेना, ड्रायव्हर नाहीत, हमाल नाहीत. मग ह्या कंपनीची नाही तर त्या कंपनीची द्यायची, आतलं औषध तेच, पण रंग वेगळा. हे आमच्यासाठी काहीच नाही, पण पंच्याहत्तर वर्षांच्या म्हातारीसाठी गोळीचं नाव म्हणजे तिचा रंग असतो. "माझी गुलाबी हुती, ही पांढरी कशाची दिलास?" म्हणून एक मावशी पांढरी घेतच नव्हत्या, आणि गल्लीतलीच दुसरी एक जण जुनी गुलाबी आणि नवी पांढरी दोन्ही घेत होती, म्हणजे डबल डोस, चक्कर येऊन न्हाणीत पडली तेव्हा कळलं.

त्याच पंधरवड्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा तमाशा झाला. आयसीएमआरनं दवाखान्यात काम करणाऱ्यांना आणि पेशंटच्या घरच्यांना ती घ्यायला सांगितली होती, टीव्हीवर बातमी लागली आणि अर्ध्या तासात चौकातली पोरं, रिक्षावाले, एक बिल्डर, सगळे "ती कोरोनाची गोळी" मागायला आले. आता ही गोळी वर्षानुवर्षं खाणारी माणसं वेगळीच असतात, संधिवात आणि ल्युपसवाली (ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), त्यात बायका जास्त. ती गोळी अंगात मुरायला आठवडे-महिने लागतात आणि बंद केली की लगेच नाही, काही आठवड्यांनी सांधे उसळतात. सरकारनं २६ मार्चला ती शेड्यूल एच वनमध्ये घातली, चिठ्ठीशिवाय देऊ नका, रजिस्टरला नोंद करा म्हणून, पण तोवर शेल्फ साफ झालेलं. पुढं मोठ्या चाचण्यांत ती कोरोनावर चालत नाही असंच सिद्ध झालं, म्हणजे ज्यांना उपयोग नव्हता त्यांच्या कपाटात ती पडून राहिली आणि जिला उपयोग होता ती आमच्या दोरीपलीकडं बोटं वाकडी करून दाखवत उभी. साथीत जुनाट पेशंटचं औषध पळवलं जातं ते हे असं.

उलट्या बाजूची पण एक गंमत झाली. कुणीतरी व्हॉट्सॅपवर फिरवलं की बीपीची गोळी खाणाऱ्याला कोरोना जास्त धरतो. ह्याच्यात थोडं शास्त्र होतं म्हणूनच ते पसरलं. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरताना एसीई-टू नावाचं एक दार वापरतो, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल ह्या गोळ्या त्याच रस्त्यावर काम करतात, म्हणून शंका काढली गेली की ह्या गोळ्यांनी दारं वाढत असतील. जगभरातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी लगेच सांगितलं की बाबांनो बंद करू नका, आणि नंतरच्या अभ्यासांतही ती भीती खोटी ठरली. पण मार्च-एप्रिलमध्ये किती जणांनी आपल्या मनानं टेल्मिसार्टन बंद केली देव जाणे, आमच्या इथंच दोघा-तिघांनी गोळ्या परत आणून दिल्या, पैसे द्या म्हणून.

पण हे सगळं महिन्याभरात निवळलं. मे उजाडेपर्यंत बहुतेक गोळ्या मिळायला लागल्या होत्या. खरा घोळ त्याच्या पुढं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२० मध्ये १५५ देशांना विचारलं होतं की तुमच्याकडं ह्या आजारांची सेवा चालू आहे का. निम्म्याहून जास्त, ५३ टक्के देशांनी सांगितलं बीपीचे उपचार अर्धवट किंवा पूर्ण विस्कळीत झालेत, शुगरचं ४९ टक्के, कॅन्सरचं ४२, आणि हार्ट अटॅकसारख्या इमर्जन्सीचंसुद्धा ३१ टक्के. आणि कारणं बघा काय दिली, ठरलेले उपचार रद्द केले, बस-गाड्या बंद झाल्या, आणि स्टाफ कोरोनाकडं वळवला. औषधाचा तुटवडा हे मोठं कारण सांगणारे देश पाचात एक. म्हणजे आमच्या राधानगरी रोडच्या आबांची जी साखळी मी वर सांगितली ती जगभर त्याच जागी तुटली होती, एसटीपाशी आणि डॉक्टरपाशी.

स्टाफ वळवला म्हणजे काय ते आपण इथं बघितलंच. सीपीआर, आमचा कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना, म्हणजे जिल्ह्यातल्या गरीब माणसाचं शेवटचं दार, ते कोरोनाच्या कामाला जुंपलं गेलं, आणि ते करणं भागच होतं, त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही, बेड आणि नर्सा काय झाडाला लागत नाहीत. पण चंदगडहून, गगनबावड्याहून दर महिन्याला तिथं येणाऱ्या माणसाच्या मनात एवढंच बसलं की आता तिकडं जायचं नाही. गावात आशाताई यायच्या, त्यांच्याकडं तीस वर्षांवरच्या लोकांची बीपी-शुगरची यादी करायचं काम होतं, त्यांच्या हातात आता थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर आला. कितीतरी छोटे दवाखाने बंद, कारण डॉक्टरच साठीच्या पुढचे, त्यांच्याच घरचे बाहेर पडू देईनात.

मग लोकांनी काय केलं? जुनी चिठ्ठी चालवली. आबांच्या पुतण्यानं व्हॉट्सॅपवर चिठ्ठीचा फोटो पाठवला, फेब्रुवारी २०२० ची चिठ्ठी, मी गोळ्या काढल्या, पिशवीवर नाव घातलं आणि दुधाच्या टेंपोवाल्याकडं दिली, तो गावात पोचवायचा. लई भारी व्यवस्था बसली म्हणून मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. त्या टेंपोनं मी एकट्या त्या रोडवर अकरा घरांची औषधं पाठवायचो. एप्रिल, मे, जून, गणपती, दसरा, दिवाळी, नवीन वर्ष, चिठ्ठी तीच. एकदाही मी विचारलं नाही की आबांची शुगर शेवटची कधी तपासली. धंदा म्हणा, गडबड म्हणा, गोळी पोचली की आपलं काम झालं असंच वाटायचं.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे, शुगरचा डोस हा चपलेच्या मापासारखा कायमचा नसतो. खाणं बदललं, चालणं थांबलं, वजन वाढलं, टेन्शन आलं की गरज बदलते, शिवाय आजार स्वतःच वर्षागणिक थोडा पुढं सरकतो. म्हणून तर एचबीए१सी नावाची टेस्ट असते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्यात तिच्यावर साखर चढत राहते, त्यामुळं ह्या टेस्टमध्ये मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते, आदल्या दिवशी कडक पथ्य करून डॉक्टरला फसवता येत नाही. दर तीन-सहा महिन्यांनी ही, वर्षातनं एकदा डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रोटीन, पायाची तपासणी. हे सगळं गेलं. आणि ह्यातलं काहीच त्या दिवशी दुखत नाही म्हणून ते आधी गेलं.

जे दुखतं तेसुद्धा लोकांनी अंगावर काढलं. भारतातल्या १८७ हॉस्पिटलांची माहिती हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं गोळा केली होती, २०२० च्या १५ मार्च ते १५ जून ह्या तीन महिन्यांत हार्ट अटॅकचे ॲडमिट झालेले पेशंट आदल्या वर्षीपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी. आता लॉकडाऊननं हार्ट अटॅक एक तृतीयांश कमी होत नसतात. माणसं घरात बसली, छातीत दुखतंय तर गॅस झाला म्हणून सोडा प्यायली, आमच्याकडनं ॲसिडिटीची गोळी नेली, कारण हॉस्पिटलला गेलं तर कोरोना होईल, आणि झाला तर घरच्यांना तोंडही बघता येणार नाही, ही भीती छातीतल्या कळेपेक्षा मोठी होती. अटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद पडलेली असते आणि तिच्या पुढचा हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो, पहिल्या काही तासांत ती उघडली तर स्नायू वाचतो. उशीर झालेला माणूस वाचला तरी नंतर जिना चढताना धापा टाकतो, पंचगंगेवर पोहायला जाणारा माणूस दारातल्या खुर्चीवर बसून राहतो.

डायलिसिसवाल्यांना तर घरी बसायची सोयच नाही. आठवड्यातनं दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास, चुकलं की पाणी फुफ्फुसात चढतं आणि पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. देशातल्या १९ मोठ्या हॉस्पिटलांचा एक अभ्यास त्याच वर्षी आला, अडीच हजार पेशंटपैकी ७१० जणांची लॉकडाऊनमध्ये एक तरी डायलिसिसची पाळी चुकली होती, शंभरेक जणांनी येणंच सोडलं. चंदगडचा माणूस शंभर किलोमीटरच्या वर येणार, नाक्यानाक्यावर पोलिसांना फिस्टुला केलेला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर तयार केलेला, हात दाखवत, गाडीचं भाडं चारपट, आणि सेंटरवर गेल्यावर कळणार की टेक्निशियन पॉझिटिव्ह आलाय, दोन दिवस बंद.

थॅलेसेमियाच्या पोरांना दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि रक्तदान शिबिरं बंद. झडप बदललेल्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी असते, तिचा डोस आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची टेस्ट, बघून ठरतो, जास्त झाला तर रक्तस्राव, कमी झाला तर झडपेवर गुठळी, आणि लॅब बंद. टीबीचं तर विचारू नका, २०१९ मध्ये देशात २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये १८ लाख. सहा लाख माणसांचा टीबी काय बरा झाला नव्हता, ती खोकत घरात बसली, आणि खोकला म्हटलं की शेजारी दार लावून घेणार म्हणून ती सांगेनातही. टीबी शोधायची जी ट्रूनॅट मशिनं, तीसुद्धा कोरोना टेस्टला लावलेली.

सगळंच वाईट झालं असं मात्र नाही, आणि हे सांगितलं नाही तर मी खोटा ठरेन. दम्याचे ॲटॅक लॉकडाऊनमध्ये कितीतरी देशांत कमी झाले, धूर नाही, धूळ नाही, तोंडाला मास्क, आणि सर्दी-पडसं देणारी गर्दीच नाही. आमच्याकडंही इनहेलरवाली काही माणसं म्हणायची की दादा, ह्या उन्हाळ्यासारखा श्वास कधी घेतला नव्हता. शुगरचंही मिश्र आहे, काहींची शुगर उलट सुधारली, रंकाळ्यावरची भेळ बंद, तांबडा-पांढरा फक्त घरचा आणि तोही रविवारचा, वेळेवर जेवण, वेळेवर गोळी. पण हे ज्यांच्या घरी मीटर होतं, पैसा होता, बसून खायची सोय होती त्यांचं. ज्याची हमाली बंद झाली आणि रेशनच्या तांदळावर घर चाललं त्याची शुगर कशानं सुधारणार.

आणि मग २०२१ चा उन्हाळा, दुसरी लाट. इथं दोन्ही गोष्टी एकमेकांत अडकल्या. ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोनाच्या पेशंटला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड जीव वाचवतं हे जून २०२० मध्येच सिद्ध झालं होतं, चांगलं औषध, स्वस्त औषध. पण स्टिरॉइडनं शुगर वाढते, हे पण तितकंच खरं. आता ज्याची शुगर वर्षभर तपासलीच नाही, तो आधीच ३०० वर आहे आणि त्याला माहीत नाही, त्याला कोरोना झाला, स्टिरॉइड चालू झालं, आणि बऱ्याच जणांना गरज नसताना, ऑक्सिजन चांगला असताना, कुणाच्या तरी व्हॉट्सॅपवरच्या चिठ्ठीवरनं चालू झालं. शुगर ५०० ला. म्युकरची बुरशी आपल्या आजूबाजूच्या हवेत, मातीत एरवी पण असतेच, धडधाकट माणसाला काही करत नाही, पण एवढी साखर आणि दबलेली प्रतिकारशक्ती मिळाली की ती नाकातनं सायनसमध्ये, तिथनं डोळ्यात. लोकांनी काळी बुरशी नाव ठेवलं, त्याच्यावरच्या ॲम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी पोरं इथनं पुण्याला पळाली. कोरोनातनं वाचलेल्या माणसाचा डोळा काढायची वेळ आली, आणि मला तरी ह्या सगळ्याची सुरुवात आदल्या वर्षी न केलेल्या एका शुगर टेस्टमध्ये दिसते. साथ रोजची तपासणी मोडते, आणि मोडलेली तपासणी पुढच्या लाटेत साथीला आयतं गिऱ्हाईक देते, असं ते चक्र.

आपल्या जिल्ह्याचं नशीब असं की बाकी राज्य उघडत होतं तेव्हाही आपल्याकडं पॉझिटिव्हिटी खाली येईना म्हणून कडक निर्बंध, आणि ते जरा सैल होतायत तोवर जुलैत महापूर. २०१९ चा विसरला नव्हता तोवर हा. लाईट गेली आणि इन्सुलिनवाल्यांचे फोन सुरू झाले. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीला ठेवायचं असतं, पण चालू असलेली बाटली किंवा पेन बाहेर थंड जागेत साधारण चार आठवडे चालतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ते लाईट गेली की फेकून देतात नाहीतर बर्फात ठेवतात, आणि बर्फात गोठलं की ते खरंच गेलं. मातीच्या मडक्यात दुसरं मडकं, मधी ओली वाळू, वर ओलं फडकं, एवढ्यावर चालू बाटलीचं पावसाळ्यात भागतं.

लाट ओसरली की सगळं परत जसंच्या तसं होतं असं वाटतं, तेही होत नाही, साधा हिशोब करून बघा. समजा एक डॉक्टर दिवसाला ६० पेशंट बघतात आणि रोज ६० च येतात. सहा महिने ते निम्मेच बघितले, तर मागं ४ हजारांच्या वर तपासण्या साठल्या. आता ते पुन्हा ६० बघायला लागले तर साठलेला ढीग तसाच राहणार, कारण रोजचे ६० येतच आहेत. रोज ७० बघितले तरी तो ढीग उपसायला दीड वर्ष. आणि आता येणारा प्रत्येक जण आधीपेक्षा जास्त बिघडून आलेला, त्याला दहा मिनिटं नाही वीस लागणार. म्हणून २०२२ मध्येही डोळ्याच्या तपासणीला, मोतीबिंदूला, अँजिओग्राफीला तारखा मिळत नव्हत्या, आणि लोक म्हणायचे आता कुठं कोरोना आहे.

फोनवरच्या डॉक्टरचं काय? सरकारनं २५ मार्च २०२० लाच टेलिमेडिसिनचे नियम काढले, एप्रिलमध्ये ई-संजीवनी ओपीडी चालू झाली, आणि ते चांगलंच झालं, मी कोण नावं ठेवणार. बीपीच्या माणसाच्या घरी मशीन असेल, पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, न बोलता मोजून आठवड्याचे आकडे वहीत लिहिले असतील, तर फोनवर डोस झकास ठरतो, कधीकधी दवाखान्यातल्यापेक्षा बरा, कारण दवाखान्यात डॉक्टरला बघूनच काहींचं बीपी वर जातं. थायरॉइडचं होतं, मानसिक आजारात बोलून बरंच होतं. पण फोनवर पायाला हात लागत नाही. सूज दाबून बघता येत नाही, छाती ऐकता येत नाही, आणि म्हातारं माणूस "काय न्हाई, बरं हाय" म्हणालं की विषय संपतो.

काही गोष्टी खरंच चालल्या, त्या लक्षात ठेवायला पाहिजेत. एचआयव्हीच्या सेंटरांनी महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, तीच पद्धत बीपी-शुगरला लावायला काय हरकत आहे मला कळत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम झाली तेव्हा ताप-ऑक्सिजनबरोबर घरात कुणाला काय जुना आजार आहे हेही लिहून घेतलं, कितीतरी घरांत तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी येऊन ते विचारलं. आणि १ मार्च २०२१ पासनं ४५ ते ५९ च्या लोकांना लस मिळायची असेल तर सहव्याधीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं, त्या कागदासाठी का होईना माणसं वर्षानं डॉक्टरच्या खुर्चीत बसली.

मी स्वतः आता लोकांना काय सांगतो तर, घरात चालू औषधाचा एक महिना जास्तीचा साठा, तीन नाही, एकच, म्हणजे दुसऱ्याचं शेल्फ रिकामं होत नाही. चिठ्ठीवर औषधाचं जे आतलं नाव असतं ते पोरांना वाचायला शिकवा, रंग विसरा. मिरगीची गोळी, स्टिरॉइड, मेटोप्रोलॉल-अटेनोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्या कधीच अचानक थांबवायच्या नाहीत, त्या उलटतात. आणि कुठलं थांबू शकतं आणि कुठलं नाही हे आपल्या डॉक्टरला शांततेच्या काळात विचारून ठेवा. कोलेस्टेरॉलची टेस्ट महिना-दोन महिने पुढं गेली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण डायलिसिस, इन्सुलिन, केमो, आयएनआर, छातीतली कळ, तोंड वाकडं होणं ह्याला कसलाच लॉकडाऊन नसतो. पायात बधिरपणा असलेल्या शुगरच्या माणसाचे तळवे रोज रात्री घरातल्या कुणीतरी बघायचे, आरसा धरून स्वतः बघितले तरी चालतील.

हे शेवटचं मी आबांकडनं शिकलो. जुलैत पुराचं पाणी उतरल्यावर ते स्वतः दुकानात आले, पुतण्याच्या गाडीवरनं, दीड वर्षानं. पायाला फडकं. नवी चप्पल चावली होती, अंगठ्याला, पण नसा मेलेल्या, दुखलंच नाही, मग पावसापाण्यात हिंडले, आणि फडकं सोडलं तेव्हा अंगठा काळा. एचबीए१सी ११ च्या वर. गोळ्या एक दिवस चुकल्या नव्हत्या त्यांच्या, टेंपो कधी चुकला नाही. डॉक्टरांनी अंगठा काढला, पाय वाचला.

आता मी चिठ्ठी हातात घेतली की आधी तारीख बघतो, आणि सहा महिन्यांच्या वरची असली तर पिशवीवर स्केचपेननं मोठ्यानं लिहितो, "तपासणी कधी?" काही जण चिडतात, "मेडिकलवाला हायस का मास्तर?" म्हणतात, दोन गिऱ्हाईकं त्या पायी समोरच्या दुकानात गेली. आबा पुन्हा सोमवारी येतात, मिसळ अजून सुटलेली नाही. फक्त कोल्हापुरी घालता येत नाही त्यांना, ती अंगठ्यातच धरायची असते. मागच्या महिन्यात विचारत होते, ते मागनं पट्टा असलेलं, चिकटपट्टीचं सँडल महाद्वार रोडला कुठल्या दुकानात मिळतंय.